इंजेक्शन नागपुरात, जुलाब दर्यापुरात

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा रुग्ण वऱ्हाडातून नागपूरला वा मुंबईला जातो, तेव्हा हल्ली त्याच्या कानावर इम्युनोथेरपीचं नाव पडतं. अर्ध्या तासात सलाइनमधून जाणारं औषध, केस सहसा गळत नाहीत, उलट्या कमी. ऐकून घरचे विचारतात, "मंग याचा तरास काहीच नाही का?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून इथे दोन डॉक्टर समोरासमोर आणले आहेत. एक अकोला जिल्ह्यात आयुष्यभर प्रॅक्टिस केलेले जुने फॅमिली डॉक्टर, या औषधाकडे संशयाने पाहणारे. दुसरी अमरावतीची तरुण कॅन्सरतज्ज्ञ, याच औषधामुळे आपल्याकडच्या माणसाला चार महिने, कधी चार वर्षं जास्त मिळतील असं मानणारी.

तरुण डॉक्टर : सर, आधी औषध काय करतं ते सांगते, कारण त्रासाचं मूळ तिथंच आहे. आपल्या रक्तातल्या टी-पेशी कॅन्सरची पेशी ओळखून मारू शकतात. पण त्यांनी स्वतःच्याच शरीरावर धावून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्यांना वेसण घातलेली असते. कॅन्सर लबाड असतो, तो नेमकी तीच वेसण ओढून धरतो. पीडी-1 नावाचं प्रथिन ही अशी एक वेसण. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं ती मोकळी करतात. वेसण मोकळी करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. 2016 साली निवोलुमॅबची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. केमो देऊनही उलटलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरचे रुग्ण तिच्यात होते, म्हणजे आपल्याकडे खर्र्याने आणि तंबाखूने जे कॅन्सर होतात त्याच गटातले. वर्षभराने निवोलुमॅब घेणाऱ्यांपैकी 36 टक्के जिवंत होते आणि नेहमीची औषधं घेणाऱ्यांपैकी 16.6 टक्के. आता दुष्परिणामांचं बघा. औषधामुळे झालेला गंभीर त्रास नेहमीच्या औषधांत 35.1 टक्के रुग्णांना झाला, निवोलुमॅबमध्ये 13.1 टक्क्यांना. जास्त जगवणारं आणि कमी छळणारं औषध आपल्या धंद्यात रोज मिळत नाही.

जुने डॉक्टर : आकडे खरे आहेत, पण त्याच चाचणीतला एक आकडा तुम्ही गाळला. ज्यांची गाठ खरोखर आक्रसली असे रुग्ण किती होते? 13.3 टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्त्याऐंशी घरांना 'गाठ बसेल' या आशेचं उत्तर मिळालं नाही. तरी तो माझा मुख्य मुद्दा नाही. मुद्दा तुमच्या वेसणीचा आहे. वेसण काढलेला बैल चोराच्या मागे धावेल हे मान्य, पण तो शेजारच्या उभ्या पिकातूनही जाईल. केमोचा त्रास मला ओळखता येतो. आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात, ताप येतो, तोंड येतं. त्याचं वेळापत्रक असतं. तुमच्या औषधाला वेळापत्रक नाही आणि अवयवही ठरलेला नाही. कातडीवर पुरळ, आतड्याला सूज येऊन जुलाब, फुप्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला आणि दम, यकृताला सूज, मूत्रपिंडाला सूज, थायरॉइड आधी भडकून मग कायमचं थंड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी. धडधाकट स्वादुपिंड इन्सुलिन करणं बंद करतं आणि ज्याला कधी साखर नव्हती तो थेट बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतो. 2016 सालीच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दोन रुग्णांची हकीकत आली होती. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब अशी दोन औषधं एकत्र दिली, एकाच डोसनंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि दोघेही दगावले.

तरुण डॉक्टर : हृदयाची सूज शंभरात एकाहूनही कमी रुग्णांना येते, सर. ती जिवावर बेतते हे मी नाकारत नाही. म्हणून तर पहिल्या डोसच्या आधी ईसीजी काढायचा, शक्य तिथे रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं. दोन औषधांची जोडी फार जहाल आहे, हेही खरं. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या चाचणीत त्या जोडीने निम्म्याहून जास्त, 55 टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा एकच औषध दिलं जातं आणि मी त्याबद्दल बोलते आहे. वेळापत्रक अगदीच नाही असंही नाही. पुरळ साधारण पहिल्या काही आठवड्यांत, जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याकडे, ग्रंथींचे त्रास त्यानंतर. उशिराही येतात, औषध बंद केल्यावर काही महिन्यांनी आलेले त्रासही नोंदलेले आहेत. पण उतारा आपल्या हातात आहे आणि तो महाग नाही. औषध थांबवायचं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करायचं, गंभीर असेल तर वजनाच्या दर किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम. औषध महागडं आणि उतारा काही रुपयांचा. तो तर मूर्तिजापूरच्या मेडिकलमध्येही मिळतो. थायरॉइड गेलं तर रोज एक गोळी आयुष्यभर, ती आपल्या गावोगावच्या बाया घेतातच आहेत. वेळेत ओळखलं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतात.

जुने डॉक्टर : 'वेळेत ओळखलं तर.' ओळखायचं कोणी, ते सांगा. इंजेक्शन देणारे तुम्ही अमरावतीत, नागपुरात, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये. दर्यापूर तालुक्यातला एक माणूस धरा. तिसरा डोस घेऊन घरी आला. मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब होतात. घरचे म्हणतात, "ऊन लागलं असन." गावातला डॉक्टर काय करेल? तेच, जे मी हजार वेळा केलं आणि बरोबर केलं. जुलाब थांबवायची गोळी, ओआरएस, एक अँटिबायोटिक, फार तर सलाइन. साध्या उन्हाळी जुलाबाला हे पुरतं. तुमच्या औषधाने सुजलेल्या आतड्याला हे पुरत नाही. जुलाब दोन दिवस दबतात, आतली सूज चालूच राहते आणि आतड्याला भोक पडेपर्यंत कोणालाच कळत नाही. आता दिवाळीनंतरचे दिवस घ्या. कापूस वेचणी चालू, जिनिंगची धूळ, निम्म्या गावाला खोकला. त्यात एकाचा खोकला फुप्फुसाच्या सुजेचा. तो वेगळा काढायला सीटी स्कॅन लागतो, तालुक्याच्या एक्स-रेत तो दिसेलच असं नाही. थकव्याचं तर बोलायलाच नको. कॅन्सरचा माणूस थकलेलाच असतो. त्याची पिट्युटरी बंद पडली, रक्तदाब उतरतोय, अंगात कॉर्टिसॉल नाही, हे त्याच्या अशक्तपणाआड पार लपून जातं. टॉनिकची बाटली मिळते, बी-12 चं इंजेक्शन मिळतं.

आणि खारपाणपट्टा विसरू नका. अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर, पूर्णेच्या काठची सगळी गावं. पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यालेली माणसं. तिथं मूत्रपिंडाच्या तक्रारी जुन्या आहेत. क्रिएटिनिन आधीच वर असलेल्या माणसाला औषधाने मूत्रपिंडाची सूज आली, तर ती जुन्या दुखण्यावर खपून जाईल. पहिल्या डोसच्या आधीचा आकडा कागदावर नसेल, तर फरक कशावरून काढणार?

इथे जुन्या डॉक्टरांचा आक्षेप औषधाच्या गुणधर्मांवरून नकाशावर आला, आणि या वादातलं सगळ्यात जड वजन त्याच आक्षेपाला आहे. औषधासोबत छापून येणारी दुष्परिणामांची यादी न्यूयॉर्कमध्ये आणि तेल्हाऱ्यात सारखीच असते. जुलाब सुरू झाल्यापासून औषध ओळखणाऱ्या माणसापर्यंत पोचायला लागणारे तास मात्र सारखे नसतात.

तरुण डॉक्टर : सर, तुम्ही म्हणता ते सगळं टाळता येतं आणि त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. पहिल्या डोसच्या आधी थायरॉइड, यकृत, क्रिएटिनिन, साखर, हिपॅटायटिस बी, छातीचा फोटो किंवा स्कॅन. हे आकडे एका कागदावर लिहून रुग्णाच्या हातात. संधिवात, सोरायसिस, ल्युपससारखा स्वप्रतिकाराचा आजार आहे का, कधी मूत्रपिंड बदललं आहे का, टीबी होऊन गेला का, हे विचारायचंच. बदललेला अवयव शरीर नाकारू शकतं आणि दडलेला टीबी वर येऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला निवोलुमॅब चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर पाच महिने गर्भ राहू नये, हे स्पष्ट सांगायचं. मग खिशात मावेल असं मराठीतलं कार्ड. त्यावर लिहायचं की नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला लागलं, नवा खोकला वा दम लागला, छातीत दुखलं, डोळे पिवळे झाले, पापणी खाली आली, खूप तहान लागून सारखी लघवी होऊ लागली, तर त्याच दिवशी या नंबरवर फोन. आणि खाली एक ओळ तुमच्यासाठी : 'डॉक्टर, हा रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे. त्रास संसर्गाचा वाटला तरी कृपया आधी कळवा.' एवढ्याने निम्मी लढाई जिंकता येते.

जुने डॉक्टर : कार्ड मला मान्य आहे. उद्या छापा, मी वाटतो. पण कार्डाने उतारा सुरू होतो, पुरा होत नाही. तुमचं प्रेडनिसोलोन चार ते सहा आठवडे हळूहळू उतरवावं लागतं. आमच्याकडे जुलाब थांबले की चौथ्या दिवशी गोळ्या बंद, आणि दहाव्या दिवशी दुप्पट जुलाब. दुसरीकडे ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांची ती याच गोळ्यांनी आणखी चढते. गुडघेदुखीच्या पुड्यांतून लपूनछपून स्टेरॉइड खाणारे तर गावोगावी आहेत, ते तुमच्याकडे येऊन सांगणारही नाहीत. उतारा स्वस्त आहे म्हणून सोपा होत नाही.

तरुण डॉक्टर : मग आता खर्चाकडे येऊ, कारण वऱ्हाडातल्या माणसाचं दार तिथंच बंद होत होतं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पूर्ण डोस परवडणारे रुग्ण शंभरात एक ते तीनच होते. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. त्यांचा अभ्यास 2022 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरचे 151 रुग्ण. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तीन औषधं कमी मात्रेत, बाकीच्यांना तीच औषधं आणि दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब करा, 720 च्या जागी 40, म्हणजे अठरावा हिस्सा. वर्षभराने जिवंत असलेले 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. मध्यम आयुर्मान 6.7 महिन्यांवरून 10.1 महिने झालं. आणि गंभीर त्रास? निवोलुमॅब नसलेल्या गटात 50 टक्के, असलेल्या गटात 46.1 टक्के. त्रासात वाढ दिसली नाही. हे संशोधन मुंबईत झालं, आपल्याच माणसांवर झालं, आपल्याच खर्र्याच्या रोगावर झालं. मला या कामाचा अभिमान वाटतो.

जुने डॉक्टर : अभिमान मलाही आहे. तरी दोन गोष्टी सांगतो. त्या चाचणीत कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी नव्हती, निवोलुमॅब अजिबात न देण्याशी होती. म्हणजे कमी डोस काहीच नसण्यापेक्षा चांगला, एवढंच त्यातून ठरलं. दुसरं म्हणजे, कमी डोस म्हणजे कमी दुष्परिणाम असं गावात पसरायला वेळ लागणार नाही. टी-पेशीवरची वेसण थोड्या औषधानेही सुटते, म्हणून तर 20 मिलिग्रॅम चालतं. मग सुजेचा धोकाही त्या थोड्या औषधात येतोच. आणि निवोलुमॅब घेतलेल्या 76 जणांत जो त्रास दिसत नाही तो हजारात दिसतो. शिवाय ते 151 जण टाटाच्या नजरेखाली होते. घाबरं झालं तर कुठे जायचं हे त्यांना माहीत होतं.

अजून एक. निवोलुमॅबची लहान बाटली 40 मिलिग्रॅमची येते. 20 चा डोस म्हणजे एका बाटलीत दोन रुग्ण. टाटात एकाच दिवशी असे दहा रुग्ण बसवता येतात. अकोल्यात जोडीदार कधी मिळणार? तोवर उघडी बाटली कोणी ठेवली, कशी ठेवली? हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही, हलवायचं नाही, उजेडात ठेवायचं नाही. नागपूरहून दुकानदाराने बर्फाच्या डब्यात दिलं, नातेवाईक एसटीने मे महिन्यात घेऊन आला, वाटेत बस बंद पडली. प्रथिनाचं औषध बिघडलं तर डोळ्यांना काही दिसत नाही.

तरुण डॉक्टर : यावर माझं मत तुमच्याहून कडक आहे. ही बाटली रुग्णाच्या नातेवाइकाने वाहून आणूच नये. रुग्णालयाच्या फार्मसीतून यावी, देण्याआधी बॅच नंबर फाइलमध्ये लिहावा आणि रिकामी बाटली रुग्णालयातच फोडून नष्ट करावी. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या कॅन्सरच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या मिळवायच्या, त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरायचं आणि विकायच्या. इम्युनोथेरपीच्या बाटल्याही त्यात होत्या. त्या प्रकरणात सगळ्यात मोठा दुष्परिणाम हा की रुग्णाला औषधच मिळालं नाही आणि कोणाला ते कळलंही नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून ओळखीच्या माणसाकडून बाटली घेणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणते. बिल नसेल तर ते औषध नसेत जाऊ देऊ नका.

आणि घरच्या काढ्यांचं काय करायचं? 'प्रतिकारशक्तीचं औषध चालू आहे, मग गुळवेलही देऊ, दोन्ही मिळून जोर येईल' असं सांगणारे घरोघरी आहेत.

जुने डॉक्टर : त्या बाबतीत आपलं एकमत आहे. करोनाच्या दिवसांत गुळवेलीचा काढा घेऊन यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. सूज स्वप्रतिकारातून होते तशा प्रकारची. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद राहिला. पण मी म्हणतो, वाद मिटेपर्यंत तरी ज्याची वेसण आधीच मोकळी केली आहे त्याला आणखी डिवचू नका. त्याचं यकृत बिघडलं तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कोणाला सांगता येणार नाही, आणि कदाचित उपयोगी पडणारं औषध उगाच बंद करावं लागेल.

तरुण डॉक्टर : मग सर, सरळ विचारते. तुम्ही सांगितलेली प्रत्येक उणीव खरी आहे. ती दूर होईपर्यंत मी काय करायचं? पुरावा आहे, डोस परवडणारा आहे, रुग्ण समोर बसला आहे आणि त्याच्या हातात सहा-सात महिने आहेत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा 2015 मध्ये मेंदूपर्यंत गेला होता. वय नव्वद. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब मिळालं आणि ते शंभर वर्षांचे होऊन 2024 च्या डिसेंबरात गेले. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली कॅन्सरनेच गेले, तेव्हा हे कुठलंच औषध जगात नव्हतं. आज आहे. नागपूरचं कॅन्सर रुग्णालय त्यांच्या नावाने उभं आहे. मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला मी 'तुझं गाव लांब आहे' म्हणून परत पाठवू?

जुने डॉक्टर : कार्टरना दम लागला असता तर किती मिनिटांत डॉक्टर पोचला असता, याचाही विचार करा. मी औषध नाकारायला सांगत नाही. एवढंच म्हणतो की जसं क्रिएटिनिन बघता, तसं अंतरही बघा. जवळ गाडी आहे का, फोनला रेंज आहे का, घरात कार्ड वाचणारं कोणी आहे का, हे प्रश्न रक्ततपासणीच्या यादीत घाला. मेळघाटातून अमरावतीला यायला घाट उतरून तासन्‌तास लागतात. धारणीच्या माणसाला पहिले तीन महिने अमरावतीत ठेवता येत असेल तर जरूर द्या. मुंबईला गेलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. अमरावती तर गाडगेबाबांचा स्वतःचा जिल्हा. इथं तशी सोय का नसावी?

तरुण डॉक्टर : आणि ज्याला तीन महिने राहता येत नाही? रोजमजुरीचा माणूस, घरी जनावरं, पेरणी तोंडावर?

जुने डॉक्टर : त्याला धोका सगळा सांगायचा आणि त्याला ठरवू द्यायचं.

तरुण डॉक्टर : तो म्हणेल, "तुमीच सांगा डॉक्टर." नेहमी तेच म्हणतात. मग ठरवणारी मीच. तुमच्या नियमाने अंतर मोजत बसले तर ज्यांना कधीच काही मिळालं नाही त्यांनाच पुन्हा नाही मिळणार. माझ्या नियमाने दिलं आणि तो घाटात दम लागून गेला, तर त्याची बायको मला विचारेल की हे माहीत असून का दिलं.

जुने डॉक्टर : विचारेल. आणि दिलं नसतं तर तेही विचारेल. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही ज्याला द्याल त्याच्या गावच्या डॉक्टरला मात्र पहिल्या डोसच्या दिवशीच फोन करा. तो माझ्यासारखा म्हातारा असला तरी त्याला जुलाब ओळखायला शिकवा.

दोघांचं इथं एकमत झालं नाही आणि ते जुळवून दाखवणं लेखकाला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. ज्यांच्या घरात हे इंजेक्शन सुरू आहे किंवा व्हायचं आहे, त्यांना एक विनंती. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, पहिल्या तपासण्यांचे आकडे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन असलेला कागद रुग्णाच्या खिशात ठेवा आणि कुठल्याही आजारासाठी कोणत्याही दवाखान्यात गेलात तर तो आधी पुढे करा. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्या डोसच्या आधी विचारा. औषधाचा त्रास झाला तर तो सरकारकडे नोंदवता येतो. 2010 पासून त्यासाठी देशभर कार्यक्रम चालू आहे, अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रं आहेत आणि नोंद रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे.